चिऱ्याखालचं पाणी

मला पाणी कळतं, असं वाडीतले लोक म्हणतात. कळतं कसलं डोंबल! मी चिपळूणची. माहेरच्या परसदारापासून वाशिष्ठी हाकेच्या अंतरावर. पाणी कमी पडतं म्हणजे काय होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आषाढात ते उलट जास्त व्हायचं आणि न बोलावता ओटीपर्यंत यायचं. मग आई पिठाचे डबे माळ्यावर चढवायची आणि वडील पुस्तकांची पेटी. वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं आणि परीक्षेत पहिली आले म्हणून भूगोलाचं एक जाडजूड पुस्तक दिलं. सासरी येताना ते मी शालूच्या घडीत ठेवून आणलं. भांडीकुंडी काय, सगळ्याच मुली आणतात.

सासर रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्राला पाठ लावून बसलेल्या नऊ घरांच्या वाडीत. पुढे माड-पोफळीचं आगर, मागे वाळू, आणि दोन्हींच्या मध्ये आमचं घर. पंचवीस-सव्वीस सालचा सुमार असेल. आमचे हे मुंबईला कचेरीत. शिमग्याला यायचे, आणि साहेबाची मर्जी झाली तर आंब्याच्या दिवसांत चार दिवस. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

अजूनही दुपारी जरा डोळा लागला की आधी रहाट ऐकू येतो. लाकडाचा तो कुरकुर आवाज, मातीचे लोटे एकामागून एक वर येऊन पन्हळीत ओतले जायचे तो आवाज, आणि बैलाच्या गळ्यातली घंटा. पोफळींच्या सावलीत दुपारी बारा वाजताही संध्याकाळ असायची. पाटाचं पाणी झाडाझाडाच्या मुळाशी जाऊन थांबायचं, आणि आपणही तिथेच थांबावं असं वाटायचं. मी कितीदा तरी हातातलं काम टाकून पाटात पाय सोडून बसले आहे. सासूबाई आतून हाक मारायच्या, "काय गो, झोपलीस की काय तिथे?" आणि मी खरंच अर्धी झोपलेली असायची.

ती विहीर सगळ्या वाडीची. म्हणजे होती आमच्या आगरात, पण गोडं पाणी तेवढ्या एकाच विहिरीला. बाकी कुठेही खणा, मचूळ. ना धड खारं, ना धड गोड. तोंडात घेतलं की जीभ वाकडी होते. त्यामुळे नऊ घरांच्या कळश्या सकाळी आमच्या काठावर लागायच्या. विहीर चिऱ्यांनी, जांभ्याच्या घडीव दगडांनी, बांधलेली होती, आणि आत पार खाली, तळापासून पुरुषभर उंचीवर, एक चिरा भिंतीतून हातभर पुढे आलेला होता. मी पहिल्यांदा वाकून पाहिलं तेव्हा मला वाटलं, गवंड्याची चूक.

"चूक नाही ती," सासूबाई म्हणाल्या. "तो चिरा उघडा पडला की रहाट सोडायचा. प्यायला तेवढं पोहऱ्यानं काढायचं, तेही ऊन चढायच्या आत. दुपारनंतर पोहरा टाकायचा नाही. आणि चिऱ्याच्या खाली खणायचं तर नावच काढायचं नाही."

"का?"

"खाली आसरा राहतात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीत-डोहात राहतात, कोपल्या तर माणसाला आत ओढतात, असं आमच्याकडे मानतात. मी पदराआड हसले. सातवी पास झालेल्या मुलीनं दुसरं काय करावं? सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. दुपारी मी त्यांना भूगोल वाचून दाखवायची. "वाच वाच, बरं वाटतं ऐकायला," म्हणायच्या आणि पृथ्वी सूर्याभोवती अर्धी फिरायच्या आत घोरायला लागायच्या.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं, त्या साली हस्ताचा पाऊस फिरकलाच नाही. एरवी वैशाख सरता सरता दिसणारा चिरा चैत्रातच उघडा पडला. रहाट सुटला. बैल गोठ्यात बसून माशा मारायला लागला. आणि नेमकी तेव्हाच मंडणगडाला दिलेल्या नणंदेची पहिली खेप होती. सासूबाई आगबोटीनं आणि पुढे बैलगाडीनं तिकडे निघाल्या. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "बाकी कसंही कर. चिरा तेवढा विसरू नको हो."

मी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. मी रोज सकाळी त्या चिऱ्याकडे बघायची आणि माझं डोकं तापायचं. माझ्या पुस्तकात विहिरीचं चित्र होतं. वर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, आणि त्याच्या पोटात निळ्या रेघांनी दाखवलेलं पाणीच पाणी. मजकुरातही स्वच्छ लिहिलेलं, उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, म्हणून विहिरी खोल कराव्यात. इथे पाणी पायाखाली आहे आणि नऊ घरं घोट घोट मोजून पितायत, कशासाठी, तर म्हणे आसरा! आणि खरं सांगायचं तर, त्याहून एक हावरी गोष्ट माझ्या मनात होती. सासूबाई परत येतील तेव्हा विहीर गच्च भरलेली दाखवायची आणि त्यांनी म्हणायचं, "शिकलेली सून ती शिकलेली." एवढं ऐकायला मी काहीही करायला तयार होते.

तेवढ्यात दोघे भाऊ आले, विहिरी खणणारे. वरच्या अंगाचे, डोंगरातले. मिरजोळ्यात दोन विहिरींना पाणी लावून पावसाआधी आणखी काम मिळतं का बघत खाली उतरलेले. थोरल्यानं आमच्या विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पाणी खालीच हाय. पाच हात मारू द्या, पोरं पोहतील यात." मी घरात जाऊन चित्र पुन्हा पाहिलं. चित्र आणि तो, दोघं एकच सांगत होते. ह्यांना पत्र घातलं. उत्तर आलं, "मला इथून काय कळणार? तुला योग्य वाटेल ते कर." आमचे हे जन्मभर असेच, चांगलं झालं तर दोघांचं, वाईट झालं तर माझं एकटीचं.

वाडीतल्या बायका नको म्हणाल्या. सगळ्या एकच बोलल्या, आसरा कोपतील. एकीनं जरी म्हटलं असतं की, बाई, समुद्र जवळ आहे, जरा विचार कर, तर मी थांबले असते, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पण आसरांचं नाव काढलं आणि मी काठावर उभी राहून पुस्तक उघडलं. चित्र दाखवलं. निळ्या रेघांवर बोट फिरवलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बैल तर तसाही रिकामाच होता. शेजारचे तांडेलमामा, मोठ्या गलबताचे म्होरके, ते अजून समुद्रावर होते. वाडीत मला दटावू शकेल असं दुसरं माणूस नव्हतं.

चार दिवस खणलं. आधी मुरूम निघाला, मग पिवळी चिकणमाती लागली, इतकी घट्ट की कुदळ रुतून बसायची. चौथ्या दिवशी ती फुटली आणि खालून एकदम पाणी उसळलं. थोरला भाऊ ओरडला, "लागलं! लागलं!" मी नारळ फोडला. वरून ऊन पडलं होतं आणि चिऱ्यांवर पाण्याचे कवडसे थरथरत होते, विहीर आतून हसते आहे असं मला वाटलं. पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले. गोड! बायकांना बोलावून पाजलं. गोड! पुटपुटणारी होती ती सुद्धा दोन हंडे घेऊन आली.

ते पाच दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रहाट. पाट भरून वाहतायत, वाळत चाललेल्या पोफळींनी मान वर काढली आहे, वाडीतली पोरं पन्हळीखाली बसून अंघोळी करतायत, आणि मी त्यातून ओल्या पायांनी फिरते आहे, कमरेला किल्ल्या वाजवत. कुणीही काही विचारावं आणि मी सांगावं. तेव्हा मला कुणी म्हटलं असतं की ही विहीर तुझ्यामुळे जाणार आहे, तर मी त्या माणसाला पुस्तकातलं चित्र दाखवलं असतं.

सहाव्या दिवशी डाळ शिजेना. मी डाळीला शिव्या दिल्या. जुनी असेल, वाण्यानं फसवलं असेल. दुसऱ्या दिवशी शेजारणीचीही शिजेना. मग पेजेला एक चव यायला लागली, नाव न घेता येण्यासारखी. आठव्या दिवशी एका लहान मुलीनं पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी अंगणात थुंकून टाकलं. मी तो पेला उचलला आणि उरलेला घोट घेतला. मचूळ. आमची गोडी विहीर वाडीतल्या बाकीच्या विहिरींसारखी झाली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि वाडीच्याही. दुसऱ्या दिवसापासून बायका सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी झऱ्यावर जायला लागल्या. उन्हातून अर्धा कोस जायचं, पाखाडीच्या पायऱ्या चढायच्या, भरल्या कळश्या घेऊन उतरायच्या. त्यातल्या एकीला आठवा महिना होता. ती दर दहा पायऱ्यांवर थांबायची, एक हात कळशीला आणि एक कमरेला. मी तिची कळशी मागितली तर दिली नाही. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, झिंज्या ओढल्या असत्या तरी चाललं असतं. मी सगळ्यांच्या मागे, खालमानेनं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुस्तक पेटीच्या तळाला टाकलं आणि वर सगळी लुगडी रचली.

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं सासूबाई आल्या. नात झाली होती, चेहरा आनंदानं फुललेला. ओटीवर टेकल्या. प्रवासातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायचं, मी तांब्या पुढे केला. झऱ्यावरचं पाणी घरात होतं. पण हात विहिरीच्या पाण्याकडेच गेला, का ते अजून सांगता येत नाही. फसवायचं नव्हतं एवढं खरं. सासूबाईंनी तांब्या तोंडाला लावला, एकदा थांबल्या, आणि मग सगळा रिकामा केला. थेंब ठेवला नाही. मग गुळाचा खडा तोंडात टाकला आणि समोर पाहत राहिल्या.

"डाळ शिजते का गो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायांशी बसले आणि मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी आमच्या अंगणात जमली. आता बोलायला माणूस मिळालं होतं ना! तांडेलमामाही आले, चार दिवसांपूर्वीच गलबत किनाऱ्याला ओढून परतले होते. एकानं सुरुवात केली, "तुमच्या सुनेनं..." आणि सासूबाईंनी त्याला तिथेच तोडलं.

"तिचं नाव घेऊ नका. जाताना मीच सांगून गेले होते, खणून घे म्हणून."

मी आतल्या दाराशी उभी होते. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात तांडेलमामांनी मान वाकडी करून म्हटलं, "दुसऱ्यांदा का, वहिनी?"

"गप बसा, भावजी," सासूबाई म्हणाल्या. ते मिशीत हसले आणि गप्प बसले. त्या 'दुसऱ्यांदा'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. म्हातारी माणसं काहीतरी जुनं उकरतायत असं समजून मी सोडून दिलं.

पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता. सासूबाईंनी शेतातली चिकणमाती आणवली, अंगणात भिजवून मळून घेतली, विहिरीतलं पाणी उपसून घेतलं, आणि माती टोपल्यांनी विहिरीत सोडायला लावली. खाली उतरून ती तुडवायला कुणीतरी हवं होतं. मी पदर खोचला आणि उतरले. कुणी नको म्हटलं नाही. तीन दिवस मी त्या विहिरीच्या तळाशी होते. वर आभाळाची एक गोल थाळी, आणि तिच्या कडेला सासूबाईंचं तोंड. आवाज खाली येईपर्यंत ओला व्हायचा. "टाचेनं दाब, चवड्यानं नको. कडेला आधी, मग मध्ये. भिंतीशी फट ठेवू नको." मी तुडवत राहायची. माती थंड होती, पोटऱ्यांपर्यंत. एखाद्या वेळी वाटायचं, मी उभी नाही, तरंगते आहे, आणि वरचं ते तोंडच मला धरून आहे.

"हे तुम्हाला कसं माहीत?" मी खालून विचारलं.

"असतं माहीत. टाचेनं दाब."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माती चिऱ्याच्या खाली, पूर्वी जिथे तळ होता तिथवर आली.

त्याच आठवड्यात तांडेलमामा मला वाळूवर घेऊन गेले. ओहोटी होती. भरतीच्या रेषेच्या वर, केवड्यापाशी, त्यांनी करवंटीनं हातभर खड्डा उकरला. तळाशी पाणी जमलं. "पी," म्हणाले. मी प्यायले. गोड होतं! समुद्र तीस पावलांवर आणि पाणी गोड. मग त्यांनी तोच खड्डा आणखी हातभर उकरला. "आता पी." खारट. मी थुंकले.

"दुधावर साय असते ना, तसं गोडं पाणी खाऱ्यावर बसलेलं असतं," ते म्हणाले. "आम्ही गलबतवाले कुठल्याही किनाऱ्याला लागलो की असंच पाणी काढतो. सायीपुरतंच हलक्या हातानं काढायचं. लोभ केलास की हातात दूध."

मी किती वेळ त्या खड्ड्याशी बसले कोण जाणे. लाटा यायच्या आणि जायच्या, खड्ड्यातलं पाणी हळूच वरखाली व्हायचं, जणू झोपेत श्वास घेत होतं. पुस्तकातलं चित्र मला आठवलं. ते खोटं नव्हतं. चिपळूणला खरं होतं, समुद्रापासून आतल्या मिरजोळ्यालाही खरंच ठरलं होतं. फक्त त्या चित्रात समुद्र काढलेला नव्हता. आणि मी तो रोज उठून बघत होते, त्याचा आवाज ऐकत झोपत होते. मला माहीत सगळं होतं हो, समज तेवढी नव्हती. समज त्या दिवशी करवंटीतून आली. शहाणपण मात्र अजून लांब होतं, कारण घरी येऊन मी सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात साय आणि दूध समजावून सांगायला बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं होय," म्हणाल्या.

विहीर तीन पावसाळे मचूळ राहिली. तीन वर्षं वाडीनं झऱ्यावरून पाणी आणलं, आणि तीन वर्षं लोक सासूबाईंना टोमणे मारत राहिले. "म्हातारीची बुद्धी नाठी," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या ऐकायच्या आणि पुढे चालायच्या. आठवा महिना असलेली बाई सुखरूप सुटली, नाहीतर मी कुठे तोंड दाखवलं असतं? दर दिवाळीनंतर मी विहिरीच्या पाण्यात मूठभर डाळ शिजत घालायची. पहिल्या वर्षी दाणा दाणा वेगळा. दुसऱ्या वर्षी अर्धी शिजली. तिसऱ्या वर्षी झाकण काढलं तर डाळ फुटून लोण्यासारखी झालेली. पान वाढलं. सासूबाईंनी भात कालवला, एक घास घेतला, आणि मान खाली घालून जेवत राहिल्या.

दहा-अकरा वर्षं गेली. सासूबाईंचे डोळे गेले. किल्ल्या आता कायमच्या माझ्या कमरेला आल्या होत्या. पुन्हा एक कोरडा वैशाख आला, आणि मुंबईला गिरणीत काम करून परतलेल्या एका शेजाऱ्यानं तेलावर चालणारं इंजिन आणलं. पंप बसवायचा आमच्या विहिरीवर आणि सगळ्यांच्या आगरांना पाणी द्यायचं. वाडी हरखून गेली. "खणायचं कुठे आहे, वहिनी? चिऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. नुसतं खेचायचं."

मी गोंधळले. चिऱ्याच्या नियमात इंजिन नव्हतं. पुस्तकात तर नव्हतंच. माझी स्वतःची सतरा माडांची रोपं, मी हातांनी लावलेली, पाण्यावाचून पिवळी पडत होती. मी आत जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे डोळे गेले. तू बघ." दोन दिवस मी काठावर बसून पाण्याकडे पाहिलं. पोहरा हळू बुडायचा, पाणी हळू सरकायचं, आणि गेलेली जागा हळू भरून यायची. इंजिन हळू घेणार नाही. घाईनं वरचं ओढलं तर खालचं वर येणारच, न खणताही. असं मला वाटलं. खात्री होती का? देवाशपथ, नव्हती. पण खात्री नाही हे मला या वेळी कळत होतं, आणि चूक झाली तर तीन वर्षं पाखाडी कोण चढतं तेही ठाऊक होतं.

मी नाही म्हणाले. साय-दूध सगळं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! उलट इंजिनवाला म्हणाला, "कशावरून?" गलका वाढला. शेवटी मी कंबरेवर हात ठेवून ओरडले, "खाली आसरा आहेत! कोपल्या तर मी जबाबदार नाही!"

एक-दोघांनी विहिरीच्या दिशेनं हात जोडले. इंजिन परत गेलं.

माझी सतराही रोपं त्या वैशाखात गेली. शेजाऱ्यांचीही गेली. "हिच्या हट्टापायी," असं आजही म्हणतात. विहीर गोडच राहिली. पण पंप लावला असता तर ती बिघडली असती याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि कधी मिळणारही नाही. चुकीचा निर्णय सगळ्या वाडीला चाखता येतो. बरोबर निर्णयाची चव कुणालाच लागत नाही, पाणी रोजच्यासारखंच लागतं.

तर त्या दिवशी लोक गेल्यावर मी आत आले. सासूबाई बाजेवर बसून हसत होत्या. दात नसलेलं तोंड, डोळ्यांतून पाणी, हसणं थांबेना.

"आसरा, गो? तू सांगितलंस? तू?"

"मग काय करू? दुसरं काही ऐकतच नव्हते."

"माझी सासूही हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता थांबल्या. "बस इथे. मी सोळा वर्षांची होते. माहेर माझं घाटाखालचं, पाण्याला तोटा नसलेलं. असाच वैशाख होता, सासू गावाला गेलेली. मी गड्याला खाली उतरवला आणि तीन हात खणून घेतलं."

मी बाजेच्या कडेला टेकले.

"सासूनं वाडीला सांगितलं, मीच सांगितलं होतं तिला. मग मला खाली उतरवून माती तुडवायला लावली. टाचेनं. विहीर बरी झाल्यावर तिनं तो चिरा बसवून घेतला आणि आसरांची गोष्ट सुरू केली. खारं पाणी म्हटलं असतं तर पुढच्या लोकांनी विचारलं असतं, कशावरून? कुणी खणून पाहिलं? मग माझं नाव आलं असतं. आसरा म्हटल्यावर कोण विचारतो? वाडीत हे ठाऊक असलेला आता तुझा तो तांडेल तेवढा."

मला आधी हसू आलं, मग राग आला. खरंच राग आला. "मग मला का नाही सांगितलंत? मंडणगडाला जाताना एवढं सांगितलं असतंत तर मी खणलं असतं का?"

त्या बोटांनी गोधडीचा टाका शोधत राहिल्या.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली. माझी फजिती तुला कशी सांगू? म्हणून तर अंगणात तुझं नाव घेता आलं नाही. अर्धी चूक माझी होती गो."

मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि मग पाणी भरून वर येतानाचे थेंब.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. पुढच्या वैशाखात शेजारच्या घरी नवी सून आली होती, कोल्हापूरकडची, इंग्रजी तिसरी झालेली, बोलण्यात सगळा देशावरचा ठसका. एके सकाळी ती कळशी घेऊन काठावर उभी राहिली, आत वाकली आणि म्हणाली, "काकू, हा दगड असा पुढं का आलाय हो?"

"चिरा म्हण. त्याच्या खाली जायचं नाही. खाली आसरा राहतात."

तिनं पदर तोंडाला लावला. मी तो पदर ओळखला.

"तुम्ही पाहिल्यात?" तिनं विचारलं.

"दोन पाहिल्यात. एक गेल्या साली गेली."

"आणि दुसरी?"

मी तिच्या हातातली कळशी काढून खाली ठेवली आणि तिला काठावर बसवलं. सगळं सांगितलं. पुस्तक, दोघे भाऊ, माझे पाच दिवसांचे तोरे, आठव्या महिन्यातली ती बाई, सासूबाईंनी रिकामा केलेला तांब्या, चिकणमाती, आणि त्यांची लाजही. माझे कान गरम झाले होते, पण थांबले नाही. ती पदर हातात घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिसऱ्या वर्षी डाळ शिजली, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? पान संपवलं, हात धुतला आणि म्हणाल्या, 'मीठ कमी पडलं गो.'"